उसनं भय

"तो बोळा काढून टाक, वरदा. याहून जास्त सांगायची मला मुभा नाही." मंगळावरच्या सह्यनगरात, प्रसूतिगृहात भेटायला आलेला तिचा सहकारी इरफान नाईकवडी म्हणाला होता.

मेंदूशास्त्रज्ञ वरदा सबनीस हसली होती. "बाळंतिणीच्या कानात बोळा नाही म्हटल्यावर माझ्या सासूबाई पृथ्वीवरून पायी येतील!" तो मऊ कापूस सरकारनं प्रत्येक बाळंतिणीला आहेरात दिला होता. त्यात काय पाहायचं?

आता मैना रांगायला लागली होती, रस्त्यावर उतरलेल्या बायांनी सरकार उलथवलं होतं आणि वरदाची झोप उडाली होती. दाराला कडी आहे ना, हवेचा पंप चालू आहे ना, मैनेचा श्वास चालू आहे ना, उठून उठून पाहायची. आज क्रांतिमंडळासमोर साक्षीला बसतानाही मैना तिच्या मांडीवरच. कुणाच्या हाती द्यायला जीव धजेना.

"पाण्यासाठी चाललेलं हे हिमपट्ट्याचं युद्ध सोडायचं की नाही, थोडक्यात सांगा," अध्यक्ष जनाक्का म्हणाल्या.

इरफान उभा राहिला. "आपल्या सैनिकांच्या मेंदूत भयवाहक बसवलेत, म्हणून ते तोफेपुढे डगमगत नाहीत. पण भीती नष्ट होत नाही, अक्का. ती फक्त दुसरीकडे जाते. बाळंतिणींना दिलेल्या त्या बोळ्यात ती भीती पकडणारा एक ग्राहीकण होता. तो कानात रुजतो आणि सैनिकाची भीती बाळंतिणीत उतरते."

"बाळंतिणीच का?"

"ती घाबरली तर कुणी कारण विचारत नाही," वरदा म्हणाली. "पहिलटकरीण आहे, काळजी करणारच. मीही स्वतःला तेच सांगत राहिले."

जनाक्कांनी चष्मा काढला. "म्हणजे आपली क्रांती..."

"आघाडीवरची भीती आहे, अक्का. सैनिक पळाले नाहीत. त्यांच्या वाटचं आम्ही पळालो, थेट सचिवालयावर."

"मग तोडा की ती जोड!" सेनामंत्री कडू खेकसले.

"भर लढाईत? सगळी भीती एकदम त्यांच्या अंगावर येईल. एकही परत यायचा नाही," इरफान म्हणाला.

"आणि ठेवली तर?"

"आम्ही बाया पुन्हा रस्त्यावर उतरू. तुमचं सरकार दिवाळी पाहणार नाही," वरदा म्हणाली.

कडूंची नजर मैनेवर स्थिरावली. "तान्ही पोरं तशीही रडतातच. आणि ती काही मोर्चे काढत नाहीत."

वरदानं मैनेला इतकं आवळलं की ती किंचाळली.

"कडू, जीभ हासडीन," जनाक्का म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण बोलला ते खरं. आज मी नाही म्हणेन, उद्या माझ्या जागी बसणारा हो म्हणेल. लढाई आहे तोवर ही भीती कुणाच्या तरी पदरात टाकावीच लागणार. आधी माघार. पोरं घरी आली की जोड तोडा."

"हिमपट्टा जाईल! पाणी निम्म्यावर येईल!"

"येऊ दे. निम्मं पिऊ."

तह झाला. सैनिक परतले. मग जोड तुटली आणि वरदा गाढ झोपली.

सकाळी ती चहा घेत बसली होती. सातव्या मजल्याचा सज्जा. मैना रांगत कठड्याशी गेली. खालच्या फटीतून तिचं डोकं बाहेर गेलं, मग एक खांदा. वरदा पाहत होती. खांदा गेला म्हणजे बाकीचंही जाणार, असं तिच्या मनात आलं. तिनं आणखी एक घोट घेतला.

दारातून आलेला इरफान ओरडतच धावला. त्यानं मैनेचा पाय धरून तिला मागे ओढलं. "दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं. सगळं दिसत होतं." वरदानं कप खाली ठेवला. "बाहेरून औषध मिळत राहिलं की ग्रंथी आपलं काम सोडून देते ना, तसंच झालंय. माझी स्वतःची भीती केव्हाच आटली, इरफान. मैनेला मी त्या सैनिकाच्या भीतीवर जपत होते."

इरफाननं मैनेला उचलून घेतलं. "मग बाकीच्या आया?"

"ऐक ना. शहर केवढं शांत आहे."

तासाभरात ध्वनिक्षेपकावरून तिचा आवाज सह्यनगरच्या प्रत्येक घरात पोचला. त्यात कंप नव्हता.

"मी घाबरलेली नाही, म्हणून नीट ऐका. तुमच्या शेजारी एखादी आई निवांत बसली असेल, तर आत्ता उठा, तिच्या घरी जा. ती म्हणेल, सगळं ठीक आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका. मूल कुठे आहे ते पाहा."