कळसला आलेला पाव्हणा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. इंदापूर तालुक्यात, कळसला, गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी. तेही भर दुपारी.

रामहरी आबा माझ्या बहिणीचे सासरे. डाळिंबवाले. माणूस तोंडाचा फटकळ, पण जीव सगळा नातीत. सहा वर्षांच्या छकुलीत.

त्या रविवारच्या आधी आठवडाभर आबा शेतकऱ्यांच्या दौऱ्यावर जपानला गेले होते. तिथं गाईडनं दूर डोंगरावरचं, तिथल्या शिंतो धर्माचं एक देऊळ दाखवलं. लाल कमान, शेवाळलेल्या पायऱ्या. पुजारीसुद्धा नाही.

"दोन टाळ्या वाजवा. देवाला कळतं, कुणीतरी आलंय," गाईड म्हणाला.

आबांनी वाजवल्या. आणि आपल्याकडची खोड... कुणी भेटलं की आवतण द्यायचं!

"देवा, हितं एकलाच बसलायस व्हय? चल आमच्याकडं कळसला. भाजी-भाकरी खा."

सगळे हसले. आबाही हसले.

उतरताना मागं खडीवर पावलं वाजत होती...

आबा तर सगळ्यात शेवटी होते.

मग तो रविवार. आबा ओसरीवर जेवायला बसले. बागेत एकही पाखरू बोलत नव्हतं. वस्तीवरची दोन्ही कुत्री सकाळपासून गायब.

आणि मग...

टाळी. पुन्हा टाळी.

"कोण हाय रं?"

कुणीच नाही.

"अवं, उन्हानं भास झाला आसंल," आबांची बायको फुलाबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिनंही ऐकलं. मग रोजच.

पाचव्या दिवशी छकुली बागेतून एकटीच आली.

"आबा, त्यो पाव्हणा गेला."

आबांचा घास हातातच राहिला. "कंचा पाव्हणा?"

"तुमी बोलावलेला. म्हनला, आता तुमी माज्याकडं या. आबांचं गुडघं दुखत्यात, तर तू तरी ये."

"मग...?"

"मी व्हय म्हनलं."

आबा घास टाकून उठले. तसेच अनवाणी बागेत पळाले.

"लेकरू हाय ती! तिला काय कळतंय? तिच्या जागी मी येतो. मला ने!"



तेव्हापासून टाळ्या बंद आहेत. कुत्री परत आली नाहीत. आबा रोज शाळेच्या दारात बसून राहतात, छकुली बाहेर येईपर्यंत. लोक हसतात. मला हसू येत नाही, ती माझी भाची आहे.

परवा भेटले, तेव्हा हळूच म्हणाले,

"मला जायाचं भ्या न्हाय, बाबा. पन त्यानं कुनाचं 'व्हय' धरलंय, माजं का पोरीचं... तेवढंच कळंना."