धूम्राची नजर

मुखवटा चोरीला गेला, हे गुलशनचाचींनी अगदी सहज सांगितलं. पण चोरीनंतर तोच मुखवटा रोज दिवेलागणीला आपल्या दाराकडे बघायला येतो, हे सांगताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि सोहेबच्या अंगावर सरसरून काटा आला.

खरं तर सोहेब चांगला बेचाळीस वर्षांचा बाप्या. शिरूरला त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि वरच्या माडीवर गौतमी साळवे या खासगी गुप्तहेर बाईंचं ऑफिस. गाडी चालवायला आणि शंका काढायला त्या त्याला बरोबर नेत. शंका काढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण ‘सातवी कक्षा’मधल्या धूम्राचं नाव निघालं, की त्याची अजूनही गाळण उडत असे.

‘सातवी कक्षा’ ही त्याच्या लहानपणी दर रविवारी लागणारी अंतराळाची मालिका. धूम्र हा तिच्यातला मुका परग्रहवासी. राखेच्या रंगाचं तोंड, पेटलेले पिवळे डोळे, आणि कोणाकडे बघायचं झालं की हनुवटी वर करायची लकब. आत कोण आहे हे निर्मात्यानं कधीच सांगितलं नाही. मालिकेवर पुढे आठ कादंबऱ्या निघाल्या, आणि त्या आठही सोहेबला तोंडपाठ होत्या.

आत होते वरवंडचे लालमहंमद, साखर कारखान्यातले फिटर आणि गुलशनचाचींचे नवरे. पोरांचा धूम्र मरू नये म्हणून निर्मात्यानं त्यांना शपथ घातली होती. माणूस शब्दाला जागला आणि तसाच, नाव न सांगता, अल्लाला प्यारा झाला.

आता येत्या रविवारी शिरूरला ‘धूम्राच्या आत’ या आत्मचरित्राचं प्रकाशन होतं. लेखक होते दौंडचे ज्ञानदेव ओव्हाळ. मालिकेत यानाच्या संगणकाचा आवाज त्यांचा. ते पडद्यावर कधी दिसलेच नव्हते, त्यामुळे ‘धूम्राच्या आत मीच होतो’ असं त्यांनी लिहिल्यावर खोटं तरी कोण म्हणणार?

“मी उठून सांगणार व्हते,” चाची म्हणाल्या. “मुखवटा घिऊनच जाणार व्हते. तेवढ्यात त्यो गेला, आन् आता रोज समोर येऊन हुबा राहतोय. शपथ मोडू नगं म्हणतोय जणू. त्यो माझा माणूस आसंल, तर मी तोंड उघडणार न्हाई. नसंल, तर तसं सांगा. तेवढंच काम हाय.”

गौतमीबाईंनी मुखवट्याची चौकशी केली. तो खुंटीवर फडक्याखाली टांगलेला असायचा. लालमहंमद कोणाला हात लावू देत नसत, बायकोलाही त्यांनी तो कधी घालून बघू दिला नाही. गळ्याखालची काळी जाळी फाटली, तेव्हा तेवढी त्यांनी चाचींकडून शिवून घेतली होती. श्वास घ्यायला असेल, असं चाचींना वाटलं.

“पैल्यांदा घालून दाराशी आले, तवा माझ्याकडं अशी हनुवटी वर केली,” चाचींनी करून दाखवलं. “मी म्हनलं, टीव्हीत काय गेले, लई ताठा आला.”

इतक्या वर्षांत घरी टांगलेला मुखवटा बाहेरच्या तिघांनीच पाहिला होता. एक तो घडवणारे केंदूरचे गेणबा. बाकीचे दोघे म्हणजे ज्ञानदेवआप्पा आणि कादंबऱ्या लिहिणारे सोपानराव सर. ते दोघे गेल्या महिन्यात पुस्तकाच्या निमित्तानं येऊन गेले होते. चहा पिताना चाचींनी त्यांना भाबडेपणानं शपथेचं सगळं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी गौतमीबाई आणि सोहेब चाचींच्या ओट्यावर थांबले. कालव्यापलीकडचा ऊस काळा पडत गेला. आधी कुत्री गप्प झाली, मग उसाच्या कडेला दोन पिवळे डोळे पेटले.

खाली काळं घोंगडं होतं, वर ते राखाडी तोंड. त्यानं हनुवटी सावकाश आभाळाकडे केली, वारा हुंगल्यासारखी. मग तितक्याच सावकाश मान खाली घातली आणि कपाळाखालून दाराकडे टक लावून बघत राहिलं. सोहेबला वाटलं, ते आपल्याकडेच बघतंय.

गौतमीबाई पुलाकडे धावल्या. पण पूल लांब होता, पोचेपर्यंत डोळे विझले होते. एका जागी गवत दबलं होतं, बाकी काही नाही.

“कालपन तसाच हुबा व्हता,” चाची म्हणाल्या. “चालत कवाच न्हाई.”

“हुबेहूब तोच, मॅडम,” परतताना सोहेब म्हणाला. “टीव्हीवर असाच बघायचा. आधी तारे हुंगायचा, मग मान खाली.”

“नक्की?”

“या डोळ्यांनी बघितलंय मी.”

घरी पोचेपर्यंत गौतमीबाई मोबाईलवर मालिकेचे जुने भाग लावून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी केंदूरला गेणबा भेटले. मुखवटा माझी कला होती, मला परत द्यायला पाहिजे होता, म्हणून ते तावातावानं बोलले. पण बोलत होते ते खाटेवरून, पाय प्लास्टरमध्ये घालून. त्या पायानं कालव्याकाठी जाणं शक्यच नव्हतं.

दौंडला ज्ञानदेवआप्पांनी दार उघडलं, आणि यान बोलल्यासारखा तो खोल आवाज सोहेबच्या पोटात घुमला. आवाज तसाच होता, बाकी माणूस पार थकला होता, आठवणीनंही. चहा घेतला का, हे त्यांनी परत परत विचारलं. सोहेबनं टेबलावरची नवी छापील प्रत उचलून त्यांना त्यांच्याच पुस्तकातला उतारा वाचून दाखवला: ‘धूम्राच्या डोळ्यांतून मी जग पाहिलं. समोरच्या बालकलाकाराच्या पापणीवरचा थेंबही मला त्या डोळ्यांतून दिसला. दिग्दर्शक म्हणाले, आधी तारे हुंग, मग बघ.’

“ब्येस लिवलंय,” आप्पा म्हणाले. “पन कसले तारे?”

गौतमीबाईंनी विषय बदलून शूटिंगच्या गमतीजमती विचारल्या. आप्पांचा चेहरा एकदम उजळला. “डोळ्यातले बल्ब लई तापायचे त्याचे. मागं सेलचा डबा व्हता ना. मग बल्ब गार होस्तवर समदं थांबायचं, आन् मी आपला दाणे खात बसायचो.”

शेवटी शिरूरला सोपानराव सर. निवृत्त शिक्षक, कपाटात स्वतःच्याच आठ कादंबऱ्या. सेटवर ते कधीच गेले नव्हते, टीव्ही बघूनच सगळं लिहिलं. तारे हुंगणं ही मात्र सर्वस्वी आपली कल्पना, मालिकेत कोणी तसं म्हटलेलं नाही, असं त्यांनी छाती फुगवून सांगितलं. “त्यांनी धूम्राला हातपाय दिले. जीव मी घातला.” आत्मचरित्र ज्ञानदेवआप्पांचंच, आपण फक्त शुद्धलेखन तपासलं, म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी गौतमीबाईंनी सर आणि आप्पा या दोघांनाही चाचींच्या अंगणात चहाला बोलावलं. दिवेलागण झाली. कालव्यापलीकडे अंधार दाटला, पण डोळे पेटले नाहीत.

“आज तो यायचा नाही,” गौतमीबाई म्हणाल्या, “कारण तो इथं चहा पितोय.”

सोहेबनं दचकून दोन्ही कपांकडे बघितलं. बाईंनी मोबाईल त्याच्या हातात दिला. पडद्यावर धूम्र एका मुलासमोर उभा होता. हनुवटी वर केलेली. मुलगा बोलत होता, रडत होता, आणि धूम्राची हनुवटी शेवटपर्यंत वरच. दुसरा भाग लावला, तिसरा लावला. कोणाकडे बघताना त्यानं मान एकदाही खाली घातली नाही.

“पण मी तर बघितलं होतं,” सोहेब पुटपुटला.

“तुम्ही वाचलं होतं, सोहेबभाई. आधी हुंगतो, मग मान खाली घालून टक लावतो, हा पुस्तकातला धूम्र. टीव्हीवरचा तसा नाही, कारण त्याला तसं जमणारच नव्हतं. डोळ्यांत बल्ब आणि मागं सेलचा डबा असेल, तर आतल्या माणसानं बघायचं कुठून? गळ्याखालच्या काळ्या जाळीतून. मान खाली असली, की त्याला फक्त स्वतःचे पाय दिसायचे. समोरचं माणूस बघायचं, तर हनुवटी वरच ठेवावी लागायची. कालव्याकाठी आला तो पुस्तकातला धूम्र होता. तो चालायचा नाही, कारण मुखवटा घातल्यावर त्याला वाटच दिसत नव्हती.”

“पुस्तकं गावोगाव वाचलीत लोकांनी,” सोपानराव शांतपणे म्हणाले.

“वाचलीत. पण मुखवटा कुठं टांगलाय आणि शपथ काय होती, हे फक्त चहा पिऊन गेलेल्या दोघांना ठाऊक. त्यातल्या आप्पांना तारे कसले तेही माहीत नाही, आणि बल्बचं त्यांनीच मला सांगितलं. मग ‘धूम्राच्या डोळ्यांतून बघितलं’ असं ते कसं लिहितील? हे आत्मचरित्र अशा माणसानं लिहिलंय, की जो सेटवर कधी गेला नाही आणि स्वतःची कल्पनाच खरी धरून बसला. चाची मुखवटा घेऊन आल्या असत्या, तर त्या मुखवट्यानंच तुमचं पुस्तक खोटं पाडलं असतं. काय, सर?”

मग सोपानराव उठले, बाहेर गाडीपाशी गेले आणि घोंगड्यात गुंडाळलेला मुखवटा घेऊन आले. संगणकाच्या आवाजाचं चरित्र कोण वाचणार, असं प्रकाशक म्हणाला, म्हणून आप्पांना धूम्राच्या आत घातलं, एवढंच त्यांनी सांगितलं. “धूम्र माझा होता हो,” ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. सोहेबला त्यांची चीड आली, आणि लहानपणापासूनचा लेखक असा रडताना बघून कीवही आली.

“मंग मी आत न्हवतो?” ज्ञानदेवआप्पांनी विचारलं.

“तुम्ही यानाचा आवाज होता, आप्पा,” गौतमीबाई म्हणाल्या. “तो दुसऱ्या कोणाचाच नव्हता.”

गुलशनचाची मात्र कालव्याकडेच बघत होत्या. “म्हंजी त्यो न्हवता,” त्या म्हणाल्या. एवढे दिवस त्या रोज संध्याकाळी ओट्यावर का बसत होत्या, घाबरून मुलाकडे सणसवाडीला का गेल्या नाहीत, हे सोहेबला तेव्हा कळलं, आणि त्याला कुठं बघावं ते सुचेना.

मग चाचींनी मुखवटा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यावर चढवला. त्या लुगड्यावर ते राखाडी तोंड आलं. मान खाली होती.

“खरंच की,” आतून घुमल्यासारखा आवाज आला. “पायच दिसत्यात नुस्ते.”

त्यांनी हळूहळू हनुवटी वर केली, आणि आपल्याच घराच्या दाराकडे, जिथं त्या कधीकाळी तरण्याताठ्या उभ्या होत्या, तिकडे बघत राहिल्या.

“ताठा न्हवता त्यो,” त्या म्हणाल्या. “मला बघत व्हते.”

मुखवट्याआड त्या किती वेळ रडल्या, ते कोणालाच दिसलं नाही. शेवटी हनुवटी सोहेबकडे वळली. या वेळी त्याला जराही भीती वाटली नाही.

“सोहेब, उद्या शिरूरला जायाला गाडी कवा आणतोस?”