दहालाच निघालो होतो

स्वानंद, ती बाटली जरा बाजूला ठेव. उद्या तुला एकविसावं लागतंय, ठाऊक आहे मला. हसू नकोस. पावणे गावात आमच्या कारखान्याशेजारच्या वर्कशॉपला शिवतेज नावाचा पोरगा होता. त्याचीच ही गोष्ट, त्यानंच मला रडत सांगितलेली.

गेल्या तेरा नोव्हेंबरची, गुरुवारची रात्र. साडेदहा वाजलेले. शिवतेज शकुबाईंच्या कामानं वर्कशॉपवर निघाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचं, इंद्रजितचं वर्षश्राद्ध होतं आणि त्याचा जेवणाचा डबा अजून तिथंच होता. वर्षभर शिवतेज तो आणायचं टाळत होता.

"उद्या त्याच्याच डब्यात त्याला वाढीन म्हंते," शकुबाई म्हणाल्या होत्या.

इंद्रजित म्हणजे याचा जिवलग, कामालाही बरोबरच. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये त्याची करंगळी अर्धी तुटली तेव्हा यानंच त्याला दवाखान्यात नेलं. म्हणून तर एकविसाव्या वाढदिवसाला शकुबाईंनी पोराला याच्या भरवशावर सोडलं. "काकू, मी हाय ना!" म्हणाला.

वर्कशॉपमध्येच पार्टी झाली. इंद्रजितला केक फासला, एकविसाव्याचे एकवीस शॉट पाजले. मोजायला शिवतेजच. पोरगा उताणा पडला, घसा घरघरायला लागला, तसे बाकीचे सटकले. बारा वाजून गेले होते; हाही उठला. इंद्रजितनं केकानं माखलेल्या हातानं त्याची बाही धरली. यानं ती हिसडली. "झोप, सकाळी उतरेल."

सकाळी पोरगा गेलेला. उलटी घशात अडकली होती. आणि हा शकुबाईंना काय म्हणाला? "मी दहालाच निघालो होतो." शर्ट रात्रीच धुऊन टाकलेला. इतका राग येतो ना मला!

तर त्या रात्री त्यानं शटर उचललं. दिवा लागेना. मोबाइलच्या उजेडात डबा सापडला.

मागं घरघर...

कॉम्प्रेसर असेल. पण कॉम्प्रेसर बंद होता.

पुन्हा. खालून. जमिनीलगत.

"तेजा... कुशीवर वळव की रं..."

एक हात लावायचा होता. एवढंच.

शिवतेज पळाला. दुसऱ्यांदा.

शिरवणे गावात शकुबाई घराच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी डबा घ्यायला हात पुढं केला, तो तसाच राहिला. शिवतेजच्या बाहीवर केकाचं क्रीम होतं. ओलं. पंजा उमटलेला. अंगठा, तीन बोटं... आणि अर्धी करंगळी.

त्यांनी त्या अर्ध्या करंगळीवर बोट टेकवलं.

मग हळूच म्हणाल्या, "दहालाच निघाला हुतास न्हवं, बाळा?"