छत्रीची बारा मिनिटं

"अहो! छत्री बाजूला घ्या! आधी हटा तिथून!"

झोम्बाच्या टेकडीवर गारा कोसळत होत्या, आणि आमच्या कुंपणाच्या आत एक उंच माणूस... अँटेनाच्या खांबावर छत्री धरून उभा! स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला.

"गारांनी फुटली असती ना, मॅडम," तो हसून म्हणाला. हसला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"गारांनी तिला काही होत नाही! तुमच्या छत्रीच्या लोखंडी काड्या उपग्रहांचे संदेश अडवतायत. पृथ्वी आज किती फिरली, तिचा आस कुठे सरकला, ते जगभरच्या अशा खांबांवरून मोजतात. या महिन्यात आणखी एक दिवस बाद झाला, तर आमचा खांब यादीतून जाईल. सहा वर्षं मी..."

वाक्य अर्धंच टाकून मी नोंदींच्या खोलीकडे वळले.

तो लिंबानी, खालच्या शाळेतला नवा गणिताचा मास्तर. माझ्यामागून खोलीत आला. खांबाजवळ काहीही घडलं, की नोंदवहीत वेळ, कारण, नाव लिहायचं, हा आमचा नियम. मी वही उघडली... आणि मिटली. नाहीच लिहिलं तर कोणाला कळणार?

"द्या इकडे," तो म्हणाला. "चूक माझी, अक्षरही माझंच."

त्याने लिहिलं. मी रागाच्या भरात न वाचताच पानाचा फोटो मुख्यालयाला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'दोन दहा ते दोन बावीस वगळलं. नेमकी वेळ कळली म्हणून बाकीचा दिवस वाचला. खांब यादीत राहील. शेवटच्या दोन मिनिटांबद्दल शुभेच्छा!'

कसल्या शुभेच्छा? मी वही उघडली.

'कारण: दहा मिनिटं गारांसाठी. पुढची दोन – बाई ओरडत होत्या, पण पाय हलेनात. एखादी गोष्ट इतकी जिवापाड जपणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. – लिंबानी.'

सरकारी वहीत! जगभर लोकांनी वाचलं असेल!

मी तरातरा टेकडी उतरले. शाळेच्या फाटकाशी तो दिसला, तेवढ्यात पावसाची सर आली.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "खाडाखोडही करता येत नाही त्या वहीत!"

"म्हणूनच तर तिथे लिहिलं," तो म्हणाला. मग घाबरत घाबरत छत्री उघडली. "इथे... चालेल?"

"इथून कोणी काही मोजत नाही," मी फणकारले, आणि छत्रीखाली शिरले.

राग गेला नव्हता. पण या वेळी मी वेळ लिहून घेतली नाही.