झोपेत दात खाणारी

१९५६ साल. राज्यांच्या नव्या सीमा ठरत होत्या, आणि मी आमच्या गावच्या शनवारा पेठेत मिठाईच्या दुकानासमोर तोंड उघडं टाकून उभी होते.

मावा जिलबीचा मोठा घास घेतला, कानापाशी खट् झालं आणि जबडा मिटेना. लोक हसायला लागले. त्यांच्यातून एक तरुण पुढे आला. त्यानं अंगठ्यांना रुमाल गुंडाळला, न विचारताच ते माझ्या तोंडात घातले, दाढांवर दाबून जबडा मागे सरकवला. जबडा बसला... आणि मी त्याच्या अंगठ्याला करकचून चावले.

चुकून नव्हे. रागानंच.

त्याच सकाळी मलकापूरचे पाहुणे मला पाहून नकार देऊन गेले होते. माझ्याजवळ झोपणारी मथुराआत्या त्यांच्यासमोर बोलून गेली होती, "पोरगी गुणाची आहे, फक्त झोपेत दात खाते." दात खाणं म्हणजे राग. कजाग सून कोणाला हवी? शिवाय नाव कोकिळा आणि घोरणं गल्ली उठवणारं, हेही आत्यानंच सांगून टाकलं.

तो तरुण म्हणजे दिगंबर, मुंबईहून दातांचं शिकून नुकताच दवाखाना टाकलेला. दुसऱ्या दिवशी आत्या मला माफी मागायला घेऊन गेली. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

"दात उत्तम आहेत," तो म्हणाला.

"दुसरा अंगठा शाबूत आहे ना?" मी विचारलं.

तो हसला. कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवून त्यानं मला तोंड उघडायला लावलं. बोट थोडं जास्तच वेळ तिथं राहिलं — की मलाच तसं वाटलं... मग त्यानं आत्याला विचारलं, घोरणं मधेच थांबतं का?

"थांबते ना. मी मोजत राहते. वीस, पंचवीस... वाटते, मेली का काय. मग गचका देऊन श्वास घेते, अन् लागली दात खायला."

तो मला म्हणाला, "तुम्ही रागीट नाही. जबडा मागे पडून श्वास अडतो. हवेसाठी झगडता तुम्ही. त्यात दात घासतात, आणि सांधाही दुखावलाय."

त्याच्या पुस्तकांत या दुखण्याला नाव नव्हतं. एकोणीस वर्षं मला सगळ्यांनी रागीट म्हटलं, श्वास कोणीच ऐकला नव्हता. डोळे भरून आले, आणि त्या रडण्याचाही मला राग आला.

कवळी बनवायच्या गुलाबी मसाल्याची त्यानं एक पट्टी बनवली. ती झोपताना दातांवर लावली की खालचा जबडा पुढे राहायचा. ती घासून नीट बसवायला मी आठ वेळा गेले. दोनदाच पुरलं असतं, हे त्यानं नंतर कबूल केलं. घोरणं थांबलं. शांततेनं आत्याचीच झोप उडाली, आणि तिनं हौसेनं मलकापूरला कळवलं की पोरगी दुरुस्त झाली. ते पुन्हा यायला तयार झाले.

मी तशीच दवाखान्यात गेले आणि पट्टी टेबलावर आपटली. "ही परत घ्या. दुरुस्त होऊन मला त्या घरी जायचं नाही. आता मी खरंच दात खाणार आहे."

दिगंबरनं पट्टी उचलली, पुसली. "खा," तो म्हणाला. "पण... माझ्या घरी. रोज मोजायला मी आहे."

"मी चावते."

"माहीत आहे." त्यानं अंगठा दाखवला.

त्या नोव्हेंबरात मलकापूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. मला फार बरं वाटलं. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. मलकापूरच्या मुलाला शांत बायको मिळाली. तो स्वतःच इतका घोरायचा की ती माहेरी जाऊन झोपायची, असं आत्या मरेपर्यंत आनंदानं सांगत राहिली. आमची नात आता जबड्याची डॉक्टर आहे. माझ्या दुखण्याला केवढं लांब नाव आहे, ते तिनंच मला सांगितलं.

दिगंबर सहा वर्षांपूर्वी गेले. अंगठ्यावरचा व्रण शेवटपर्यंत होता. पट्टी केव्हाच झिजली; हल्ली श्वास अडून मी दचकून उठते, तर बाजूला मोजणारं कोणी नसतं. आणि मग मी दात खाते... रागानंच.