विहिरीवरचा नववा

१९९८ साली बारामतीत, इंदापूर रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. आठ मशीनं, एकाच केबलनं एकमेकांना जोडलेली. एसी एकच, तोही मशीनांसाठी. माणसांना गार लागलं तर तो त्यांचा फायदा. मी पुण्याहून आलेला, प्राध्यापक आईबापांचा मुलगा. शोधलं की कारण सापडतंच, असं माझं ठाम मत होतं. हल्ली ते कुणाला ऐकवत नाही.

मे महिन्यात मुलं कंटाळली म्हणून मी एक खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावर नुसत्या ओळी. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं. आठ जणांनी आपापली मेंढरं घेऊन दुष्काळात जगायचं, चारा शोधायचा, विहिरीचं पाणी काढायचं. 'मार' असं टाइप करून दुसऱ्या खेळाडूचा जीवही घेता यायचा. मग त्याची मेंढरं मारणाऱ्याची. ही सोय मी मुद्दाम ठेवली होती. माणसं काय करतात ते बघायची खुमखुमी, दुसरं काय!

तीन आठवडे कुणी कुणाला मारलं नाही. हे श्रेय कऱ्हाटीच्या सुकन्याचं. तिच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरंच होती. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना कामं वाटून दिली. एकानं विहिरीवर थांबून सगळ्यांची मेंढरं पाजायची, बाकीच्यांनी चारा बघायचा.

"त्याला पाणक्या म्हणायचं," ती म्हणाली. "तो समद्यात शेवटी पितो. दुसरा कुणी काम घेईस्तवर विहीर सोडत न्हाय. आमच्या आज्याच्या मेंढवाड्यात असंच असायचं, सर."

मग शंभूराजनं पहिला माणूस मारला. तो लोणी देवकरच्या फॅक्टरीतली पहिली पाळी संपवून एसटीनं क्लासला यायचा. बावीस वर्षांचा, हसरा, विधवा आईचा एकुलता एक. "सर, सोय हाय तर वापरायची की," म्हणाला. आठवडाभरात सगळेच एकमेकांच्या जिवावर उठले. खेळातलं वैर क्लासात आलं. कुणी कुणाशी बोलेना, चहालासुद्धा वेगवेगळे जाऊ लागले. मला गंमत वाटत होती, हे कबूल करतो.

एके दिवशी खेळाडूंच्या यादीत नऊ नावं दिसली. नववं होतं गेणबा.

मी मशीनं मोजली. आठच होती. केबल टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपली. प्रोग्रॅम उघडला, त्यात मी आठच नावांना जागा ठेवली होती. नववं मावायलाच नको होतं. तरी गेणबा विहिरीवर होता आणि येईल त्याची मेंढरं पाजत होता. कुणाला मारत नव्हता, कुणाला काही मागत नव्हता. तीन दिवसांत मारामारी थांबली आणि मुलं पुन्हा एकत्र चहाला गेली. खोट कुठं आहे ते नंतर बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी शंभूराजनं गेणबाकडून आपली मेंढरं पाजून घेतली आणि लगेच त्याला मारलं. पडद्यावर ओळ आली, 'मेंढरं तुझी. विहीर पण तुझी.'

ती ओळ मी लिहिलेली नव्हती.

सुकन्या उभी राहिली. "पाणक्याला हात लावत न्हाईत, शंभूदादा. त्याला ज्यानं घालवला, त्यानंच त्याचं काम करायचं असतं."

"व्हय, करतो की," तो हसला. सगळे गेले तरी तो उठेना. "पाचच मिनिटं, सर. मेंढरं लई तानल्यात."

मी खाली चहाला गेलो. वर आलो तर खुर्ची रिकामी. जिना एकच होता, आणि चहा पीत मी त्याच्याच तोंडाशी उभा होतो.

तो घरी पोचला नाही. फॅक्टरीतही गेला नाही. पोलिसांत तक्रार झाली. सोमवारी मी एकट्यानं एकच मशीन चालू केलं. यादीत माझ्या नावाखाली त्याचं नाव होतं.

मंगळवारी भर दुपारी त्याची आई आली, भामाबाई. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. मी तिला पडद्यापुढं नेलं आणि ही ओळ तुमच्या मुलाची, असं सांगितलं.

"इचारा त्याला, जेवला का."

मी टाइप केलं. उत्तर आलं ते वाचून दाखवलं, 'आधी मेंढरं, आई.'

आई आली आहे हे मी त्याला कळवलं नव्हतं.

"घरला कवा येणार?"

मी तेही टाइप केलं. मग आलं, 'कुणी माझं काम घेतलं की.'

"म्हंजी काय, सर?"

मी समजावून सांगितलं. मास्तरकीच्या सवयीनं, नीट, पायरीपायरीनं. मारायचं कसं, मारल्यावर काय होतं. ते काम मलाही करता आलं असतं. हात माझेच कीबोर्डवर होते. मी भ्यालो.

तिनं पदर खोचला. मला उठवून खुर्चीत बसली.

"अक्षरं दावा."

मी तिचं बोट धरून एकेक दाखवलं.

"आता?"

"ते मोठं बटण. पण भामाबाई..."

ते तिनं स्वतः दाबलं.

बुधवारी सकाळी शंभूराज जिना चढून वर आला. ओठ फुटलेले, तळहातांवर दोराचे वळ. चार दिवस कुठं होता ते त्याला सांगता येईना.

"सर, घराला कडी हाय. आई हितं आलती का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं दाराबाहेर काढलेल्या चपला मी आदल्या दिवशीच टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या.