पाचवं गंध

मनाली, ती कात्री आधी खाली ठेव. चहा दे, पण डाव्या हातात दे. उजव्याचं नंतर सांगतो.

मंडपाला जुन्या फोटोंची सजावट करताय, छान आहे. कॉलनीतले जुने चेहरे, बंद पडलेले रेडिओ, घड्याळं, सगळं झकास. पण सम्यक, तू त्या ग्रुप फोटोतल्या माणसाचं तोंड कापून तिथे स्वतःचं लावायला निघालायस, ते नको. हसतोस काय? बत्तीस वर्षं फ्रेमा करतोय मी. भुताखेताच्या थापा मारायला मला वेळ नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

मागच्या गल्लीतला सिद्धेश आठवतो? दाढीवाला, खांद्याला झोळी. भंगारातून मोडकी कुलपं, चष्मे, कुणाकुणाच्या घरातले फोटो उचलून आणायचा आणि त्यातून चित्रं करायचा. फ्रेम करायला माझ्याकडे. बायको दर्शना, मुलगी गार्गी, सहा वर्षांची. त्याचा सगळा जीव त्या पोरीत. दुकानात आली की माझ्या लाकडी पट्ट्यांची घरं बांधत बसायची आणि मी ओरडलो की मलाच दटावायची.

गेल्या दिवाळीनंतर त्याला देवनारच्या एका गोदामात फॅमिली फोटो सापडला. स्टुडिओतला, ब्लॅक अँड व्हाइट, काचेसकट. नवरा, बायको, दोन मुलगे आणि बाईच्या मांडीवर एक लहान मूल. काचेवर चौघांच्या कपाळाच्या जागी वाळलेलं गंध. गेलेल्या माणसाच्या फोटोला लावतो ना आपण, तसं. म्हणजे चौघंही गेलेली. मांडीवरच्या मुलाला मात्र गंध नव्हतं. त्याचा चेहरा ओल लागून पार गेला होता, नुसता पांढरा डाग उरला होता.

सिद्धेशने त्या डागावर गार्गीचा पासपोर्ट फोटो कापून चिकटवला. मला म्हणाला, "काका, काच पुसू नका हां. गंधच तर मेन आहे."

मी काच तशीच बसवली. हा लांबून बघतो, मान वाकडी करतो, म्हणतो, "चौघांना आहे, हिलाच नाही. चित्र अडखळतंय यार." आणि माझ्या देव्हाऱ्यातली सहाण घेऊन त्याने गंध उगाळलं. गार्गीच्या कपाळावर, काचेवरून, टिपका लावला.

"अरे, जिवंत पोरीला?" मी म्हटलं.

"काका, आर्ट आहे."

त्याचा हात धरायला हवा होता मी. आजही जेवताना मध्येच आठवतं आणि ताट बाजूला सारतो.

तिसऱ्या दिवशी गार्गीला ताप आला. अंग भाजत होतं, पण कपाळाच्या मधोमध रुपयाएवढी जागा बर्फासारखी. पोरगी एकच म्हणायची, "बाबा, कपाळाला गार लागतंय. त्या बाईच्या मांडीवर नाही बसायचं मला." हॉस्पिटलात ठेवली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. ताप काही उतरेना.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. रात्रीचे पावणेदोन. तेव्हा मी दुकानातच झोपायचो. शटरवर धाडधाड हात. उघडलं तर सिद्धेश, छातीशी ती फ्रेम धरलेली. चार दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"काका, गंध जात नाही हो..."

मी ओल्या फडक्याने पुसलं. गेलं. काच सुकायच्या आत परत टिपका. पुन्हा पुसलं. पुन्हा आला. बाकीचे चार टिपके वाळून तडकलेले, जुने. हा एकच ओला.

"फोडा फ्रेम. तिला बाहेर काढा. काका, पाया पडतो तुमच्या."

खिळे उपटले, काच बाजूला ठेवली. कटरने गार्गीचा फोटो अलगद सोडवला. त्याने तो मुठीत घेतला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. दर्शनाचा आवाज मलाही ऐकू आला.

"सिद्धेश, ती श्वास घेत नाहीये नीट... तू काय केलंस?... काय केलंस तू?"

त्याने फोटोकडे बघितलं. मीही. मांडीवरच्या बाळाच्या चेहऱ्याची जागा पुन्हा रिकामी होती, कुणाला तरी मागत असल्यासारखी.



मग त्याने पाकीट काढलं. त्यातून स्वतःचा पासपोर्ट फोटो. मी म्हटलं, "सिद्धेश, नको." त्याने ऐकलं नाही. माझ्याच कात्रीने कापला, माझ्याच डिंकाने चिकटवला. बाळाच्या अंगावर दाढीवाला चेहरा. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

"काच लावा," म्हणाला.

लावली. गंध लावावं लागलं नाही. ते होतंच.

बसून राहिलो. अडीच... तीन... बाहेर एक कुत्रंही भुंकत नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन. दर्शना रडत होती, पण वेगळं. ताप उतरला होता. गार्गीने पाणी मागितलं होतं, बिस्किट मागितलं होतं.

सिद्धेश हसला. खरंच हसला. भिंतीला टेकून बसला, डोळे मिटले.

"काका..."

"काय रे?"

"कपाळाला गार लागतंय."

मग काही नाही.

हाक मारली. हलवलं. काही नाही.

दर्शनाला फोन मलाच करावा लागला.

गार्गी बरी आहे. मामाकडे असतात दोघी, मुलुंडला. ती फ्रेम मी पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि नऊ महिने तिकडे बघितलं नाही. आज दुपारी तुम्ही सजावटीला जुन्या फ्रेमा मागितल्यात म्हणून माळ्यावर चढलो. पेपर फाटला होता. उजव्या हाताचं बोट काचेवरच्या त्या पाचव्या टिपक्याला लागलं.

गणपती परवा यायचाय. इथे अजून कुणी गंध उगाळलेलं नाही. दुपारपासून चार वेळा साबणाने हात धुतलाय मी.

मनाली, ट्यूबलाइटकडे ये. हे बोट बघ.

हात लावू नको... नुसतं बघ.

ओलं आहे ना अजून?